दरवाज्यावरचा मान

कोंढ्याजवळच्या आमच्या गावातला किल्ला नागपूरच्या राजाचा. त्याची किल्लेदारी आमच्या घराण्याकडे होती आणि दरवाज्यावरचा पहारा दुसऱ्या एका घराण्याकडे. राजे गेले, दोन्ही घराणी धानाच्या शेतीला लागली. एक रीत तेवढी राहिली. दसऱ्याला गाव सीमोल्लंघन करून परततं, तेव्हा पडक्या दरवाज्यात बांबू आडवा लावलेला असतो. पहारेकऱ्यांच्या घरातला वडीलधारा माणूस आतून विचारतो, "कोन होय?" किल्लेदाराच्या घरचा कर्ता बाहेरून उत्तर देतो, मग बांबू निघतो. पहिलं सोनं ते दोघं एकमेकांना देतात.

बाबा हयातभर ते उत्तर देत आले. काही वर्षांपूर्वी ऐन उन्हाळ्यात ते गेले. मी त्यांची एकुलती एक. शेती आता मीच पाहते. पण त्या दसऱ्याला मी बायकांच्या घोळक्यात मागेच थांबले. चुलतकाका फेटा बांधून पुढे झाले होते. त्यात मला वावगं वाटलं नाही. फक्त बाबांची आठवण आवरत नव्हती.

आतून पहारेकऱ्यांच्या घरातल्या आबाजींचा आवाज आला, "कोन होय?"

"किल्लेदार," काका म्हणाले.

बांबू हलला नाही. "कोन होय?"

"काहून अडवून राहिले, आबाजी? माझा आवाज नाही ओळखत काय?"

"ओळखतो ना, भाऊ. पन जो गेला, त्याच्या घरी लेक आहे. बापाची सेवा तिनं केली, धानाचं रोवणं तिनं केलं. मंग जबाब दुसऱ्यानं कायले द्यावा?"

सगळे माझ्याकडे वळले. काकांचा चेहरा उतरला. मग बाजूला सरकून ते म्हणाले, "जा बेटा. हो पुढं."

मी बांबूपाशी गेले. रीतीचे शब्द आठवेनात.

"मी होय, आबाजी."

"मी म्हंजे कोन?"

"किल्लेदाराची लेक."

त्यांनी बांबू काढला, आपट्याची पानं माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "पुढच्या साली जरा जोरानं बोलजो. मले कमी आयकू येते." रडता रडता मला हसू फुटलं.

आता दर दसऱ्याला काका स्वतः मला घ्यायला घरी येतात. आबाजी थकलेत, त्यांना खुर्चीवर बसवून दरवाज्यात आणतात. मी त्यांच्या पाया पडते, काकांच्याही. दोघांपैकी एकानं जरी मनात आणलं असतं, तर त्या संध्याकाळी मी मागेच राहिले असते.