बुधाजीचा ढोल आणि तिसरं मुसळ

दिवसभर मिठागरात मीठ ओढणाऱ्या माणसाने ढोल गळ्यात कशाला अडकवावा, असं रेवसजवळच्या त्या गावात सगळे विचारत. बुधाजी ढोलाच्या दोऱ्या ताणत बसे. हट्टी माणसाला उत्तराची घाई नसते.

१९५३ साली गावातल्या पोरांनी बँड उभा केला. मुंबईच्या मास्तरने शिकवलं ते फक्त मार्चचं, म्हणजे कवायतीच्या चालीचं, ‘एक-दोन, एक-दोन’. बुधाजीने ते घोटून घोटून पक्कं केलं आणि तिथेच घोटाळा झाला. अंबाजीच्या मुलाच्या वरातीत बायकांनी नाचाचं गाणं धरलं, तर हा पठ्ठ्या तिथेही मार्चच बडवत राहिला. गाणं झुलतंय, ढोल आपटतोय! बायकांची पावलं अडखळली. लग्नविधींची गाणी म्हणणारी धवलारीण येसूबाई हात वर करून ओरडली, “बुधा, आमी नाचाय आलू का चिखल तुडवाय?”

लोक पोट धरून हसले. बँडचा म्होरक्या रावजी म्हणाला, “म्होरल्या लग्नात ढोल आपल्या बँडातला नामा वाजवील.”

पुढचं लग्न बुधाजीच्या धाकट्या बहिणीचं, राहीचं होतं. मधे जेमतेम पंधरा दिवस. रावजीचं बोलणं बुधाजीच्या काळजाला लागलं. ‘राहीच्या लग्नात ढोल माझाच,’ त्याने मनाशी ठरवलं.

आधी त्याने गाण्याच्या एका फेऱ्यातले ठोके मोजले. सहा भरले. मग ‘दोन-दोन-दोन’ असं वाजवून पाहिलं, तर पाऊल तीनदा उचलावं लागलं! नाचणाऱ्या बाईला पाय दोनच. शेवटी लाज गिळून तो येसूबाईकडे गेला. ती म्हणाली, “मना शिकवता येत न्हाय. लग्नाचं तांदूळ कांडतान, तिथं बस आन् ऐक.”

घरच्या अंगणात उखळापाशी शेजारच्या सत्यवती आणि रंगू आळीपाळीने मुसळ घालत होत्या. धम्-धम्, धम्-धम्. हे त्याच्या ओळखीचं होतं. तेवढ्यात त्याची बायको बायजा तिसरं मुसळ घेऊन आली. आवाज दाटला. बायका घाई करताहेत असं त्याला वाटलं, म्हणून त्याने सत्यवतीच्या मुसळावर पाऊल धरून पाहिलं. तिचं मुसळ पहिल्याइतक्याच सावकाश पडत होतं. फक्त तिच्या दोन घावांमध्ये आता एकीच्या जागी दोघी मावत होत्या. म्हणजे पाऊल तेच, पोटात दोनाऐवजी तीन! अशी दोन पावलं म्हणजे सहा. बुधाजीने कपाळावर हात मारून घेतला. एवढी सोपी गोष्ट, आणि आपण गावभर हसं करून घेतलं!

मग मिठागरात, बांधावर, जेवताना मांडीवर तो तीन-तीन बडवू लागला. तळवे सुजले. बाराव्या दिवशी त्याने रावजीला आणि येसूबाईला अंगणात बोलावलं आणि ढोल रावजीकडे होता म्हणून मिठाची पाटी पालथी घालून वाजवायला सुरुवात केली. येसूबाईची पावलं आपोआप पडू लागली. रावजीने ती पाहिली आणि ढोल बुधाजीच्या गळ्यात घातला.

राहीची वरात रेवसच्या धक्क्यापर्यंत नाचत गेली. राही सासरी जाणाऱ्या मचव्यात बसली आणि त्या होडीचा दोर सुटला. बहिणीला निरोपाचा हात करावा असं बुधाजीला फार वाटलं, पण हात काढला असता तर साऱ्या बायकांची पावलं तुटली असती. तो वाजवतच राहिला. राही रडत होती, आणि मचव्याच्या काठावर तिची बोटं तीन-तीन धरत होती. ते पाहिलं आणि बुधाजी वाजवता वाजवता ढसाढसा रडला. ठोका मात्र चुकला नाही.