धाकलीचं शेत

"पानी बगून येते गं," एवढं म्हणून ती उठायची. पदर खोचायचा, इरलं डोक्यावर घ्यायचं आणि कोणी 'मी पण येते' म्हणायच्या आत अंगण ओलांडायचं.

पोशीरला आमच्या शेजारच्या घरातली ती धाकटी सून. सगळे तिला धाकलीच म्हणत. लावणी झाली की खाचरातलं पाणी बघावं लागतं, बांध फुटला तर रोपं उघडी पडतात, हे खरं. पण रोज दुपारी? आणि तेही नेमक्या आम्ही बायका पडवीत गप्पांना बसलो की? नवरा मुंबईला नोकरीला, दीर आळशी, म्हणून सासू काही बोलत नसे.

तुम्हाला खोटं वाटेल, पण त्या काळी बाईमाणसाला एकटं बसायची सोयच नव्हती. जरा बाजूला बसली की विचारणा सुरू. माहेरची आठवण आली का? पोटात दुखतंय का? सासू काही बोलली का? काही झालेलं नाही, नुसतं गप्प बसायचं आहे, हे उत्तर कोणाला पटत नसे. मलाही पटलं नसतं. मी पडले बडबडी.

एकदा मी तिच्या मागोमाग गेले. आता तिथे प्लॉट पडले, बघायला जाण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून सांगते. खाचराच्या कोपऱ्यात, करवंदीच्या जाळीआड ती उकिडवी बसली होती. समोर चिखलाची इवली इवली खाचरं. बोटाएवढे बांध, एकातून दुसऱ्यात उतरणारं पाणी, आणि गवताची पाती खोचून केलेली लावणीसुद्धा! दोन पोरांची आई तिथे एकटीच खेळत होती.

"कोनाचं गं हे शेत?" मी हसत विचारलं.

"कोनाचं नाय." ती हसली नाही. "सांगू नको कुनाला. हसतील. मग बगायला येतील."

मी शब्द दिला.

श्रावणात शेजारच्या खाचराचे मालक आप्पा फावडं घेऊन धाकलीच्या अंगणात उभे राहिले. बांध त्यांच्या बाजूने खचला होता, आणि धाकलीला चिखलाच्या हातांनी तिथून येताना त्यांनी पाहिलं होतं. आमच्याकडे बांध कोरून दुसऱ्याची जमीन ढापण्यावरून डोकी फुटतात.

"रोज कोरते ही बांध! इचारा तिला, काय करते तिथं?"

"आमच्या घरच्या बाईला चोर म्हनतोस?" दीर कोयता घेऊनच बाहेर आला.

माणसं जमली. धाकली दारात, पांढरीफटक. "नुसती बसते," एवढंच म्हणाली. कोणाचा विश्वास बसणार?

"चला सगळे," आप्पा म्हणाले. "जागेवर दाखवतो, काय चालतं हिचं."

लोक निघालेच. मी सांगायला पुढे झाले, तर तिने माझ्याकडे बघून नाही अशी मान हलवली. मग अंगणात उतरली आणि आप्पांच्या वाटेत उभी राहिली.

"नका जाऊ. मीच कोरला बांध."

दिराने कोयता खाली घेतला. सासूने सगळ्यांसमोर तिच्या थोबाडीत मारली. मला रडू आवरेना. संध्याकाळी धाकलीने जाऊन ती इवली खाचरं पायाने मोडली. दुसऱ्या दिवशी दिराने आप्पांना बांध भरून दिला.

त्यानंतर तिला कोणी पडवीत बोलवेना. मला तिची कीव यायची आणि रागही यायचा. एकदा विचारलंच, "कशाला गं घेतलंस अंगावर?"

"आता दुपारची कोन येत नाय माझ्याकडं," ती म्हणाली. परसात बसून माती भिजवत होती. चेहरा इतका निवांत, की मी आल्या पावली परत फिरले.

ती गेली तेव्हा गावात टीव्ही आला होता. दहाव्याला बायका कुजबुजल्या, "गुनाची व्हती, पन तेवढी बांधाची खोड." मग एकीने माझ्याकडे वळून विचारलं, "तुमची लई मैत्री. खरं सांगा, काय करायची ती तिथं?"

सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"बांध कोरायची," मी म्हटलं, आणि पदर डोळ्यांना लावला.