अंबादास काका आणि टपालवालीचा शेवट

अंबादास काका काल सकाळी गेले, आणि माझं त्यांना सॉरी म्हणायचं राहून गेलं.

सोळा वर्षं होती हातात. त्यांचं घर आमच्यापासून चौथं. दर दिवाळीला मी पुण्याहून घरी यायचे, फराळाचं ताट घेऊन त्यांच्याकडे जायचे, आणि हवापाण्याचं बोलून परत यायचे.

ज्यांना ते माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. सोलापुरी चादरीवरची नक्षी कुणीतरी आधी कागदावर काढलेली असते. ग्राफचा कागद, एकेक चौकट रंगवत. सोलापुरात आमच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, ते काम काका करायचे. चाळीस वर्षं केलं. मान कायमची वाकडी झाली होती.

मी कॉलेजात असताना मैत्रिणीनं वाढदिवसाला एक जपानी ॲनिमे सिरीज दिली. सहा डीव्हीडींचा सेट. गल्लीत डीव्हीडी प्लेअर एकच, तो काकांच्या मुलानं, श्रीनिवासनं घेतलेला. म्हणून रोज संध्याकाळी मी त्यांच्या घरी.

सिरीज अंतराळातल्या एका टपालवालीची. मोहरीच्या रंगाचा लांब कोट घालून ती एका चंद्रावरून दुसऱ्या चंद्रावर पत्रं पोचवते. बोलते कमी. तोंडात सिगरेट असते, पण पेटवलेली कधी दिसत नाही. स्टाईल म्हणजे काय ते मला तिच्याकडं बघून कळलं.

काकांना ते वेगळ्याच कारणानं कळलं.

"थांबव! हितं थांबव!"

मी पॉज करायचे. काका टीव्हीच्या काचेला नाक लावून रंग मोजायचे.

"चारच रंग हाईत गं. सगळा काळा मोकळा सोडलाय. लई हिंमत लागती त्याला. आपला कारखानदार असता तर म्हणला असता, कोपऱ्यात एक मोर टाक."

चोवीस मिनिटांचा एपिसोड दीड तास चालायचा. मी जाम वैतागायचे.

काकू पलंगावर पडून बघायच्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. आवाज जपानी, खाली अक्षरं इंग्रजी. मी मराठीत सांगायचे, काका काकूंना त्यांच्या घरच्या तेलुगूत सांगायचे, स्वतःच्या पदरचं घालून. काकूंपर्यंत पोचेस्तोवर ती टपालवाली त्यांच्या माहेरच्या नात्यातली झालेली असायची.

"जेवली का न्हाई ती?" काकू मला विचारायच्या.

आता घोळ असा झाला की डिस्कवर नंबर जपानीत होते. पाकिटं नुसती रंगीत. काकांनी ती पहिल्याच दिवशी लावून टाकली. फिकटापासून गडदापर्यंत, कारखान्यात सुताचे कोन, म्हणजे रंगीत रिळं, लावतात तशी. पेन्सिलीनं एक ते सहा आकडेही टाकले. मला ते इतकं व्यवस्थित वाटलं की मी विचारलंच नाही.

पांढरं पाकीट पहिलं होतं, ते नशिबानं बरोबर निघालं. दुसरं फिकट गुलाबी.

त्यात टपालवालीला गोळी लागते. ती बर्फात पडते. वरून बर्फ पडत राहतो, आणि नावं येतात, एकही आवाज नाही.

काकू रडल्या.

तिसऱ्या डिस्कवर बाई मजेत चहा पीत बसलेली!

"म्या म्हनलं न्हवतं? आली की वापस!" काकू उठून बसल्या. कित्येक दिवसांनी आपणहून उठल्या होत्या.

मला काहीच झेपलं नाही. पण अशा स्टायलिश गोष्टीत काही कळलं नाही की आपल्याला आपलीच अक्कल कमी वाटते. पुढं कळेल म्हणून गप्प बसले.

चौथी डिस्क संपली आणि मी सायबर कॅफेत जाऊन शोधलं. खरा क्रम सापडला. गुलाबी डिस्क सगळ्यात शेवटची होती.

मी पळत त्यांच्या घरी गेले. शहाणपणा ओसंडून चालला होता नुसता.

"काका, आपण उलटसुलट बघतोय! तो शेवट होता. ती परत येत नाही, काकू. ती मेली."

काकू म्हणाल्या, "बंद कर मग."

आणि भिंतीकडं तोंड करून झोपल्या.

काका मला जिन्यापर्यंत सोडायला आले. ओरडले असते तर परवडलं असतं.

"तुझं बरोबर हाय पोरी. पण तुला इचारलं हुतं का कुणी?"

दोन महिन्यांनी काकू गेल्या. मी त्या घरी परत कधी काही बघितलं नाही. पुण्यात नोकरी लागली, सुटले. पण एक गोष्ट मनातून जाईना. मरायला टेकलेल्या बाईच्या करमणुकीची मी माती केली, तीसुद्धा बरोबर असण्याच्या हौसेपायी.

काल अंत्यविधीहून आल्यावर श्रीनिवासजवळ बसले होते. काकांना नाही तर निदान त्याला तरी सांगावं म्हणून सगळं बोलले.

तो म्हणाला, "काय बोलालीस? आईनं सगळी बघितली की ती सिरीज."

"कधी?"

"तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी. बाबा म्हणले, त्या पोरीला काय जपानी येतंय व्हय? चुकीचं वाचून आली ती. मग राहिलेल्या दोन्ही लावल्या."

"पण इंग्रजी वाचून कोण सांगत होतं?"

"कोण सांगतंय? बाबाच. मनानंच बोलायचे. आई हसायची लई."

मी विचारलं, मग शेवट काय सांगितला?

"ती रिटायर झाली म्हणले. पेन्शन लागली, बहिणीकडं ऱ्हायला गेली."

मी हसले. मग तिथंच त्याच्यासमोर रडले.

काका, मला हे एकदा तरी सांगायचंत की हो! सोळा वर्षं फराळ खाल्लात माझ्या हातचा, आणि एका शब्दानं बोलला नाहीत. रागच आलाय मला तुमचा.

पण काकूंसमोर मला खोटं पाडलंत, ते लई बरं केलंत.

सॉरी काका. या आता. तुमच्या चौथ्या घरातल्या पोरीचा मनापासून नमस्कार.