पाखराखालचा ठिपका

"चित्र कोनाचं?"

समोर कोणीही हात पुढे करून बसलं की तिचा पहिला प्रश्न हाच असे. नाव नंतर, गाव नंतर, डावा हात की उजवा हेही नंतर. तुमच्यापैकी कोणी दिवाळीनंतर सिहोऱ्याच्या मंडईत, म्हणजे आमच्याकडच्या जत्रेत, फिरलं असेल, तर दंडारीच्या नाचगाण्याला जमलेल्या गर्दीपासून जरा बाजूला, कडुलिंबाखाली पोतं अंथरून बसलेली ती गोंदणारी म्हातारी पाहिली असेल. हातात सुयांची जुडी, शेजारी करवंटीत काजळी, आणि पायाच्या अंगठ्यानं पोत्याचं टोक घट्ट दाबून धरलेलं, जणू पोतं पळून जाणार आहे. सगळे तिला बुढी माय म्हणत. मीही तेच म्हणत असे.

तिचा एक नियम होता. आईच्या घरी चालत आलेलं गोंदण हवं असेल तर ती लगेच सुई उचले. पण शेजारणीच्या हातावरचा मोर आवडला म्हणून तोच हवा असेल, तर आधी मूठभर तांदूळ घेऊन शेजारणीकडे जायचं आणि विचारायचं. ती हो म्हणाली की परत यायचं. मग बुढी माय मोर काढी आणि त्याच्या खाली एक ठिपका टाकी. ठिपका असला की कळायचं, हे मागून आणलेलं आहे.

दोघी जावा होत्या, एकमेकींशी न बोलणाऱ्या. धाकटीला मोठीच्या मनगटावरचाच विंचू हवा होता. मी दुसऱ्या गोंदणारीकडे जाते, असं ती फणकाऱ्यानं म्हणाली. बुढी माय काजळी ढवळत म्हणाली, "जाय ना बाई. पन तुही जाऊ रोज तुहा हात पाहीन." धाकटी तांदूळ घेऊन मोठीच्या दारात गेली. त्या दिवसापासून बोलणं सुरू झालं आणि भांडणंही सुरू झाली, पण दोघींचा विंचू एकच राहिला.

एका पोराला दंडावर मारुती हवा होता. देवाला कुठं विचारू, असं त्यानं मुद्दाम खोडसाळपणे विचारलं. "देवाले पुसता येत नाई, इचारता येत नाई, म्हून त ठिपका लागते," ती म्हणाली. "ठिपका म्हंजे काय? हे आपलं नाई, येवढंच." मारुतीच्या पायाखालीसुद्धा तिनं ठिपका टाकला.

मी तुमसरला पेंटर होतो. दुकानांच्या पाट्या आणि नाटकांचे पडदे रंगवायचो. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आमच्याकडे बसस्टँडजवळ व्हिडिओ गेमचं दुकान निघालं. अंधारी खोली, दारावर पडदा, आत एकच मशीन. मालकानं बाहेरची भिंत मला रंगवायला दिली. नागपूरहून आलेला मिस्त्री मशीन तपासायला खेळत बसला होता. तो फार पुढे गेला तेव्हा मशीनच्या काचेवर एक पाखरू आलं. चौकोनी पंख, तीन डोळे, शेपटीला जाळ. सगळं बारीक चौकोनी ठिपक्यांचं. मी तेच भिंतीवर काढलं, दारापेक्षा उंच.

गावातली पोरं त्या मशीनवर पहिल्या दुसऱ्या पायरीलाच मरत. पाखरापर्यंत कोणीच पोचत नव्हतं. म्हणून सगळ्यांना वाटलं, हे पेंटरच्या डोक्यातून आलं. मीही कोणाला काही सांगितलं नाही. दुकानात चहाला बसणारे एक वकील होते, त्यांना मात्र मी सहज विचारून घेतलं. ते म्हणाले, अशा चित्राचा हक्क बनवणाऱ्याचा असतो, पण तुमसरला बघायला कोण येतंय? मला तेवढंच ऐकायचं होतं.

पोरांना ते पाखरू हातावर हवं झालं. ती बुढी मायकडे गेली आणि तिनं आपला प्रश्न विचारला. पोरांनी माझं नाव सांगितलं. मग एके सकाळी ती एसटीनं सिहोऱ्याहून तुमसरला आली. माझ्या दुकानाची पायरी चढायच्या आधी तिनं चपला काढल्या.

"पेंटर, थे भितीवरचं पाखरू तुमचं हाय का?"

"माहं हाय," मी म्हणालो.

तिनं पदराची गाठ सोडली आणि मूठभर तांदूळ माझ्या ओंजळीत घातले. "मंग देता का?"

मी दिलं. रंगानं माखलेल्या हातांनी मी ते तांदूळ घेतले, एवढं मला अजून आठवतं. चित्राच्या मालकाच्या हातावर पहिलं, असं म्हणून तिनं तिथंच माझ्या डाव्या दंडावर पाखरू गोंदलं. ठिपका टाकला नाही. मालकाला ठिपका कशाला?

त्या वर्षीच्या मंडईत जिकडे पाहावं तिकडे पाखरू होतं. नांगर धरणाऱ्या हातांवर, सायकलचं हँडल धरलेल्या मुठींवर, दंडारीत डफ वाजवणाऱ्यांच्या मनगटावर. सगळ्यांच्या पाखराखाली ठिपका, माझ्या नावाचा. मला पडद्यांची कामं मिळाली. नाटकवाले मला पाखरूवाला पेंटर म्हणू लागले.

पुढच्या वर्षी राईस मिलमधला एक जवान पोरगा त्या मशीनवर तरबेज झाला. एका दुपारी तो पार शेवटपर्यंत गेला आणि त्याच्या हातावरचं पाखरू काचेतून त्याच्याकडे बघू लागलं. सिहोऱ्याच्या बाजारात त्यानं बुढी मायला सगळ्यांसमोर टोमणा मारला. "काहून वं माय, तुहं पाखरू त डब्यात बसून हाय. चोरीचं गोंदलं का आमाले?" लोक हसले.

ती हसली नाही आणि चिडलीही नाही. पोतं गुंडाळलं आणि त्या पोराला घेऊन तुमसरला आली. त्या खोलीत बाईमाणूस कधी गेलं नव्हतं. ती पडदा सारून आत गेली, मशीनच्या बाजूला उभी राहिली आणि त्याला खेळायला लावलं. तो हरला की म्हणे, "खेय आनखी." शेवटी पाखरू आलं. हे मला त्या दुकानाच्या मालकानं सांगितलं. पाखरू गेल्यावर तिनं त्या मालकालाच विचारलं, हे कोणाचं? तो म्हणाला, मशीन नागपूरहून आणली, तिथं मुंबईहून आली, त्याच्याआधी दुसऱ्या देशातून.

तिथून ती माझ्याकडे आली. मी काय बोललो ते आज लिहितानाही हात थांबतो. मी म्हणालो, त्या मशीनवाल्यांनीच माझं पाहून काढलं असेल.

ती तिथंच खाली बसली. मग जुडी बाहेर काढली. "पेंटर, बाही वर करा. ठिपका राह्यला हाय."

मी बाही खाली ओढली.

"हात तुमचा हाय," ती म्हणाली. "तुमाले पुसल्याबिगर मी सुई लावत नाई."

तो पूर्ण हिवाळा ती गावोगाव फिरली. ज्यांच्या हातावर पाखरू होतं त्यांना हुडकून तिनं पहिल्या ठिपक्याशेजारी दुसरा ठिपका टाकला. हे पेंटरचंही नाही, त्याच्याही पलीकडचं आहे, असं प्रत्येकाला सांगत. कोणाकडून काही घेतलं नाही. जे नाही म्हणाले त्यांच्या ओट्यावर ती बसून राही, धान मळणं संपेपर्यंत. तिच्या अंगात थंडी भरली होती, तरी ती थांबली नाही.

खरं काय ते लोक मला विचारायला येत. पाखरूवाला पेंटर हे नाव जाईल, कामं जातील, अशी मला भीती होती. बाही खाली ओढून मी सांगितलं, पाखरू माझंच, पण बुढी माय मला विचारायला आलीच नव्हती, तिनं भिंतीवरून आपणहून उचललं. लोकांना ते पटलं. लिहिणंवाचणं न येणाऱ्या बाईपेक्षा पेंटरचं बोलणं पटतं. दोन वर्षांनी ती गेली. पुढच्या मंडईत कडुलिंबाखाली बांगड्यांचं दुकान लागलं. सिहोऱ्याला अजूनही म्हातारी माणसं सांगतात, एक गोंदणारी होती, पण तिनं पेंटरचं पाखरू चोरलं होतं.

मागच्या महिन्यात मी नागपूरला गेलो आणि मशीननं गोंदणाऱ्या एका दुकानात बसलो. मुलानं अल्बम पुढे केला. मी बाही वर केली आणि म्हटलं, याच्याखाली फक्त दोन ठिपके टाक. तो म्हणाला, काका, पाखराचा रंग उडाला आहे, नवीन करून देतो. मी म्हटलं, पाखराला हात लावू नको.

काम झाल्यावर त्यानं पुसता पुसता विचारलं, हे ठिपके कशाचे?

मी म्हणालो, पाखरू माझं नाही. ज्या बाईनं हे गोंदलं, ती आधी मला विचारायला आली होती. मूठभर तांदूळ घेऊन, चपला बाहेर काढून.