सासरचा अग्नी

ताई गेली तेव्हा दारव्ह्याला, तिच्या सासरी, फोन मीच केला, हे आधी सांगून टाकते. सकाळी चहा मागून ती पुन्हा आडवी झाली. मी चहा नेला तोवर... संपलं होतं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अग्नी सासरच्या हातचा पाह्यजे. दिराले बोलाव." आणि मी, तिच्यासोबत एकोणीस वर्षं एका छताखाली राहिलेली सख्खी धाकटी बहीण, मोठ्या शहाणपणानं बोलावून बसले.

हे दीर म्हणजे बापूराव. ताईचा नवरा लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी गेला, मूलबाळ नव्हतं. तेव्हा पांढऱ्या पायाची म्हणून, एका ट्रंकेसकट, यांनीच तिला दारव्ह्याच्या स्टँडवर नेऊन सोडलं होतं. ताईनं इथं लोहाऱ्याजवळ खोली घेतली, मशीन घेतलं, शाळेचे गणवेश शिवले. कापसाचे भाव पडायला लागले तसं नवं शिवायला कुणी येईना. थोरल्याचा शर्ट धाकट्याला बसवून द्या, एवढंच काम. त्यातूनही तिनं प्लॉट घेऊन दोन खोल्या बांधल्या. तोंडानं फटकळ होती. माझं काज वाकडं गेलं की गिऱ्हाईकासमोर उसवायची. पण लग्न न झालेल्या बहिणीला 'पुढं काय करशील' असं तिनं कधी विचारलं नाही.

एकदा मीच म्हटलं होतं, "ताई, घराचं काही लिहून ठेव नं."

मशीनवरची मान न उचलता म्हणाली, "मी मरायची वाट पाहून राह्यली का वं तू?"

मी ओशाळले. पुन्हा विषय काढला नाही. तिच्या त्या वाक्याचा मला अजून राग येतो, आणि माझ्या लाजेचा त्याहून जास्त.

बापूराव आले. माहेरची म्हणून शेवटची साडी मी नेसवली, अग्नी त्यांनी दिला. परतल्यावर हातपाय धुऊन ते दोन्ही खोल्यांतून फिरले, भिंतीवर हात फिरवला. "मले वाटलं, वहिनी भाड्यानं राहत असन. हे घर तिचंच होय का?"

तेरावं झाल्यावर मी वकिलांकडे गेले. "मृत्युपत्र नाही, मूल नाही. मग नवऱ्याचे वारस. तुम्ही त्यांच्या नंतर," ते म्हणाले.

"पण हे तिनं स्वतः कमावलंय."

"म्हणूनच. वडिलांकडून मिळालेलं असतं तर माहेरी परत आलं असतं. स्वतःच्या कमाईचं सासरी जातं." बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

म्हणजे ज्यांनी तिला स्टँडवर सोडलं ते तिचे, आणि मी कुणी नाही.

घर रिकामं करून द्या, असा बापूरावांचा निरोप आला. परवा त्यांची सून आली. पोरगी वाईट नाही. हातात ब्लाऊजपीस. "मावशी, जायच्या आधी एवढा शिवून द्या नं. घरभरणीले घालाचा आहे." मी माप घेतलं. ताईची एक सवय होती... शिवणीत आत चांगलं दीड इंच कापड राखायची, अंग भरलं तर उसवून सैल करता यावं म्हणून. हिला कशाला एवढं, कापून टाकू, असं ठरवूनच मी कात्री घेतली. शिवून झाल्यावर उलटा करून पाहिला, तर दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच कापड तसंच होतं.

काल ती घालून पाहून गेली. "मावशी, कितीही वर्षं जाईन हा," म्हणाली. रविवारी या दोन खोल्यांची घरभरणी आहे. मला जेवायला बोलावलं आहे.