चौघं आल्याशिवाय जाळं नाही

बातमी दुसऱ्या दिवशी शिळी होते. घरचा किस्सा शिळा झाला की जास्त चवदार लागतो, आणि आमच्याकडं दर दिवाळीनंतर त्यात नवी भर पडते. चंद्रपुरात इतकी वर्षं बातमीदारी केली. मोर्चे, खाणी, पूर, वाघ, सगळं कव्हर केलं. पण चार भावंडांना एका दिवशी एका गावात आणण्याइतकी अवघड असाइनमेंट कुठल्याच संपादकानं मला दिली नाही.

ती दिली मायनं. चिमूरच्या पुढं आमचं गाव. धानाच्या बांध्यांना लागून आमची बोडी, म्हणजे बाबांनी स्वतः खोदलेलं लहानसं तळं. पावसाळ्यात माय त्यात मासोळीचं बी सोडते आणि दिवाळीनंतर मंडईच्या दिवशी जाळं पडतं. मंडई म्हणजे गावाची जत्रा. लेकी, पाहुणे सगळे घरी. बाबा गेल्यावर मायनं नियम केला, "चौघं आले तरच जाळं. नाई तं मासे बोडीतच."

चौघं म्हणजे मी, एटापल्लीत नर्स असलेली सुनंदा, घुग्घुसच्या कोळसा खाणीतला विलास आणि पुण्याच्या कंपनीतला राजू. कितीतरी वर्षं जाळं पडलं नाही. मासे वाढत राहिले.

*

पहिली अडचण तारखेची. राजू तिकीट काढतो पावसाळ्यात आणि गाव मंडई ठरवतं ऐनवेळी. शेजारच्या गावानं तोच दिवस धरला की आमची मंडई पुढं सरकते. एकदा राजू आला, वाट पाहून परत गेला, आणि तो पुण्यात उतरला त्या दिवशी मंडई भरली.

मी मंडई भरवणाऱ्या मंडळाच्या अध्यक्षाला फोनवर झापलं. लोकांच्या नोकऱ्या आहेत, तारीख आधी जाहीर करायला काय होतं?

"भाऊ," तो शांतपणे म्हणाला, "धान कापनं झालं का मंडई. तुमी धानाले ईचारून सांगा, मी आत्ता जाहीर करतो."

*

विलासची शिफ्ट दर आठवड्याला फिरते. एका वर्षी त्याच्यासकट अर्ध्या शिफ्टनं मंडईची सुट्टी मागितली. प्रत्येकाचं गाव वेगळं, दिवस वेगळा. बाहेरून आलेला साहेब वैतागला. म्हणाला, "सगळ्या गावांची मंडई एकाच दिवशी का ठेवत नाही तुम्ही लोक?"

विलास म्हणाला, "साहेब, सगळ्याइची एकाच दिवशी ठेवली तं पाहुणे कोणाच्या घरी जातीन?"

साहेबाला पटलं. सुट्टी मात्र दिली नाही.

*

राजूचा किस्सा मी पुण्यामुंबईच्या पत्रकारांना मुद्दाम सांगतो. मंडई आटोपून तो परत निघाला, तर गावाबाहेर वाघ रस्त्यावर बसलेला. एसटी मागं फिरली, गाडी चुकली. त्यानं मॅनेजरला खरं कारण कळवलं.

उत्तर आलं, "जरा पटेल असं काहीतरी लिहा."

राजूनं वाघाचा फोटो पाठवला. मग मॅनेजरचा मेसेज, "तिकडं राहायची सोय कशी आहे? फॅमिलीला घेऊन यायचंय."

आमच्या राजूची रजा बिनपगारी झाली. त्याच वाघावर साहेबाची सहल ठरली!

*

सुनंदा एका वर्षी पहाटेच निघाली होती. सूरजागडच्या लोहखनिजाच्या ट्रकांनी रस्ता अडला. त्या रस्त्यावर मी इतकं लिहिलंय की खड्डेसुद्धा मला ओळखत असतील. त्या रांगेत एका जीपमधली बाई अडली. सुनंदानं साडीचा आडोसा केला आणि तिथंच बाळंतपण केलं. घरी पोचली तेव्हा मंडईतली दुकानं उठत होती.

मी उसळलो. "नाव-गाव सांग. उद्या पहिल्या पानावर घेतो."

"भाऊ, आधी जेवाले दे," ती म्हणाली.

मायनं तिला जवळ बसवलं. "पोट्टं बरं हाय ना? मंग उशीर चालते." मग माझ्याकडं वळली. मंत्र्याची सभा कव्हर करून मी तिच्याही नंतर पोचलो होतो. "तुह्यावाल्या मंत्र्याले काय झालं होतं?"

मंत्र्याला काहीच झालं नव्हतं. तो फक्त बोलत होता.

*

मागच्या दिवाळीआधी मायचा फोन आला. "यंदा चौघं नाई आले तं बोडी मारोतीले ठेक्यानं देतो. मले एकटीले होत नाई."

मारोती आमचा शेजारी. बाबांची बोडी आणि जाळं मारोतीचं? घरच्या ग्रुपवर भडका उडाला. विलासनं शिफ्ट बदलून घेतली. सुनंदा आदल्या दिवशीच निघाली. राजूनं परतीचं तिकीट काढलंच नाही. मी संपादकाला सांगितलं, "मंत्री दरवर्षी येतो. बोडी एकच आहे."

मंडईच्या दिवशी आम्ही चौघं बांधावर पोचलो, तर मारोती खांद्यावर जाळं घेऊन उभा. मी सरळ भिडलो. "कोणत्या बोलीवर ठेका घेतला रे? कागद दाखव."

"कोणचा ठेका?" मारोती गोंधळला. "मले तं माय म्हणे, जाळं घेऊन बांधावर उभा राह्य, आन जेवाले इथीच ये."

तेवढ्यात बोडीत एक मासा उसळला. एवढा मोठा, की राजू दोन पावलं मागं सरला. विलासनं शर्ट काढला आणि जाळ्याला हात घातला.

"राहू दे रे," माय मागून म्हणाली. "वांग्याची भाजी केली हाय."

"काऊन वं माय? चौघंबी आलो ना!"

"म्हणूनच तं," माय म्हणाली. "मासे काढले तं पुढच्या साली कायले येसाल?"

मारोतीनं जाळं खांद्यावर नीट सारखं केलं आणि आमच्या आधी जेवायला निघाला.