प्लीट नव्हे, निरी

अंबाजोगाईच्या एसटी स्टँडवर आई माझ्याशी बोलत नव्हती. लखनौच्या कॉलेजात शिकवायची नोकरी लागली याचा तिला राग होता. मुलीनं इतक्या लांब जायचंच कशाला? पण गाडी लागली तशी ती भर गर्दीत माझ्या पायाशी बसली, साडीच्या निऱ्या खालून खसाखसा ओढून सरळ केल्या आणि म्हणाली, "जायचं तर जा. गबाळी जाऊ नको." खिडकीशी मात्र आली नाही.

आई शाळेचे स्कर्ट शिवायची. घड्यांना तिनं आपली नावं दिली होती. सगळ्या एकाच दिशेला पडल्या की 'ओळ'. दोन घड्या एकमेकींकडे पाठ करून बसल्या की 'पेटी', समोरासमोर आल्या की 'उलटी पेटी'. त्या स्कर्टांवर मी शिकले, घरातली पहिली पदवीधर झाले. लखनौत त्याच घड्या नाइफ प्लीट, बॉक्स प्लीट, इनव्हर्टेड प्लीट म्हणून शिकवू लागले. नोकरीबद्दल इतकी कृतज्ञ होते की स्टाफरूममध्ये माझ्या हिंदीला कुणी हसलं तर मीही हसायचे.

मग वर्गासाठी प्लीट्सच्या नमुन्यांचा बोर्ड करायचं काम माझ्याकडे आलं. शेवटच्या चौकटीत मी सुती साडीचा तुकडा निऱ्या घालून लावला आणि खाली लिहिलं, 'निरी'. विभागप्रमुख मॅडमनी विद्यार्थिनींसमोर टाचण्या उपटल्या. "सिलाई कहाँ है इसमें? जो खोंसने से टिके, वो प्लीट नहीं होती. अपना गाँव घर पे रखिए."

मी वाद घातला, हरले. तुकडा पर्समध्ये टाकला. त्या दिवसापासून हसणं बंद केलं.

आणि गावाकडच्यांनो, तुम्ही तरी कुठे कमी होतात? सुट्टीत आले की भावाचं ठरलेलं, "काय मॅडम, घड्या घालायचाबी पगार मिळतो होय तिकडं?" सगळे खदखदून हसायचे. आईसुद्धा. ज्या घड्यांवर आपलं घर चाललं, त्यांनाच.

माझ्यासारखेच महाराष्ट्रातून इकडे आलेल्यांनो, तुमचंही सांगते. गणपतीत मराठी बाण्यावर भाषणं ठोकता आणि खाली उतरून पोरांना म्हणता, "बेटा, चप्पल पहनो."

नवऱ्याला मिळालेल्या, लखनौतल्या मानक नगरच्या आमच्या रेल्वे क्वार्टरमध्ये तरी वेगळं काय? मुलीला मराठी समजतं, उत्तर हिंदीत येतं. परवा तिच्या शाळेचा फेअरवेल होता. साडी नेसवताना मी निऱ्या धरायला खाली बसले.

"मम्मा, प्लीट्स टेढ़ी जा रही हैं."

"प्लीट्स नाहीत. निऱ्या."

"हाँ यार, वही."

मी हात सोडले. सगळ्या निऱ्या विस्कटल्या. "मग वहीच धर तुझी तू."

बाहेर मैत्रिणींची ऑटो हॉर्न देत होती. ती रडकुंडीला आली. मी फरशीवर तशीच बसून राहिले. उठले नाही, हातही लावला नाही. हा एक शब्द इथेही उपटला गेला, तर माझ्यापाशी उरलं काय?

"आप ना, बिल्कुल आजी हो!" ती फणकारली. मग दातओठ खात म्हणाली, "निऱ्या. निऱ्या. अब पकड़ो!"

मी धरल्या. खसाखसा ओढून सरळ केल्या. जाताना तिनं वळूनही बघितलं नाही.

मला आता घर विचाराल तर ते ना अंबाजोगाई, ना लखनौ. कितीही राग असला तरी कुणीतरी पायाशी बसतं, तेवढंच घर. आईचे गुडघे आता वाकत नाहीत. माझ्या निऱ्या मी पिन लावून धरते.